लाल टोपीतले भाऊजी

१

त्या दिवशी धुकं उठलंच नाही. ऊन वर आलं की विरेल, असं सकाळी सगळे म्हणत होते, पण ऊनच वर आलं नाही. भरदुपारी रस्त्यावरचे दिवे जळत होते आणि समोरून येणारा माणूस अंगावर येईपर्यंत ओळखू येत नव्हता. अशा हवेत छापखान्यातली माणसं चिडखोर होतात. कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, शाई वाळता वाळत नाही, एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नाही. माणसाला गारठा लागला तर तो शाल घेतो, कागदाला कोण शाल पांघरणार, असं आबा म्हणायचे आणि तावांच्या गठ्ठ्यात बोटं घालून त्यांना वारा द्यायचे.

आबा छापखान्यात कापायच्या यंत्रावर होते. केस पांढरे व्हायच्या आधीपासून तिथेच. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. जन्मभर हातातून इतकी अक्षरं गेली, पण एकाशीही ओळख झाली नाही, आणि त्याचं त्यांना फार वाईटही वाटत नसे. छापलेले मोठे ताव त्यांच्याकडे यायचे. ते कापायचे, पत्ते असले तर छोट्या यंत्राखाली धरून कोपरे गोल करायचे, पानं लावून घ्यायची आणि टेबलावर ठक ठक ठोकून कडा सारख्या करायच्या, की झाला एक जोड तयार.

त्या वेळी काम पत्त्यांचंच चाललं होतं. खेळायचे नव्हेत, भविष्य बघायचे. टॅरो म्हणतात त्याला. असे पत्ते पूर्वीही येऊन गेले होते, पण ते फार गंभीर असत. तलवारी, कोसळणारे मनोरे, घोड्यावर बसून आलेला मृत्यू. तो ताव यंत्रावर चढला की मशीनमन तोंड फिरवून तंबाखू मळायला लागायचा. या खेपेचे पत्ते मात्र वेगळे होते. भुतंच होती सगळी, पण काय ती भुतं! दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेली भुतं. पायमोजे घालून उलटी टांगलेली वटवाघळं. दातांच्या डॉक्टरकडे रडवेला होऊन बसलेला राक्षस. आणि प्रत्येक पानात कुठेतरी लपलेला नखाएवढा एक सांगाडा, डोक्यावर लाल लोकरीची टोपी. कधी जिन्याखाली, कधी भांड्यातून डोकं वर काढून. तो शोधून काढायचा, हीच त्या पत्त्यांची खरी मजा. लोक त्यापायी वेडे झाले होते. ज्यांचा भविष्यावर काडीचा विश्वास नाही, तेही घेत होते. छापून पुरे पडत नव्हते.

ज्या बाईंनी ही चित्रं काढली त्या त्या दिवशी रंग बघायला आल्या होत्या. धुक्यातून आल्यामुळे त्यांच्या केसांवर पाण्याची बारीक जाळी बसली होती. आबांनी ताव कापता कापता त्यांना विचारलं, की मृत्यूसारख्या गोष्टीला टोपी कशी काय सुचली.

"भीती वाटेल असं काढलं तर लोक दुकानातच ठेवून जातात," बाई हसून म्हणाल्या. "हसू येईल असं काढलं की घरी नेतात."

आबाही हसले. त्या वेळी त्यात हसण्यासारखंच होतं.

२

घर म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत खिडकीपाशी पलंग, आणि पलंगावर माई, आबांची बायको. त्यांच्या छातीत पाणी होत होतं. डॉक्टर काढायचे, पुन्हा व्हायचं. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी आबांना दाराबाहेर नेऊन सांगितलं, की आता त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात आहे. आबांनी मान डोलावली आणि आत येऊन माईंना सांगितलं, की डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. माईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. इतक्या वर्षांत आबांना खोटं बोलायला जमलं नव्हतं, ते आता कुठलं जमायला.

दिवसा आबा कामावर असत तेव्हा शेजारची शिवणवाली माईंकडे लक्ष ठेवी. दोन घरांमध्ये एकच भिंत. तिचं शिलाईचं यंत्र दिवसभर घरघरत असे आणि माईंना ती घरघर ऐकू आली की बरं वाटे, कोणीतरी आहे म्हणून. तिची मुलगी, सगळे तिला छोटी म्हणत, माईंच्या पलंगावरच पडलेली असायची. मालकांनी नव्या पत्त्यांचा एक एक चांगला जोड कामगारांना दिला होता, तो आबांनी छोटीला देऊन टाकला. शेजारणीच्या उपकारांची तेवढीच फेड.

पण झालं असं, की छोटीचे पत्ते बघून माईच लहान झाल्या. किती दिवसांत त्या इतक्या हसल्या नव्हत्या. हसताना खोकला यायचा, खोकता खोकता पुन्हा हसायच्या. संध्याकाळी छोटी पत्ते घेऊन घरी निघाली की माईंचा चेहरा उतरायचा. आबांनी ते पाहिलं. मालकांकडे पुन्हा मागायचा संकोच वाटला, आणि तिथे त्यांनी ती चूक केली.

छापखान्यात एक रीत होती. आबांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी ती पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्यात घातली होती. छपाईत चुकलेला ताव हातात आला की तिथल्या तिथे आडवा कापायचा. चुकलेलं पान पुरं करायचं नाही. कोपरा गोल केला की ते चांगल्यात मिसळतं, मग कोणाचा बाप आला तरी वेगळं काढता येत नाही. आबांनी जन्मभर ती रीत पाळली. पण त्या धुक्याच्या दिवशी चुकलेल्या तावांचा ढीग लागला होता, आणि चूक तरी किती, तर एखादा रंग केसभर सरकलेला. आबांनी त्यातून प्रत्येक चित्राचं एकेक पान वेचून घेतलं, कापलं, कोपरे गोल केले, ठक ठक ठोकून जोड सारखा केला आणि सदऱ्याच्या आत ठेवून घरी आणला.

माईंनी तो दोन्ही हातांत धरला.

"तुम्हाला भाऊ नाही, म्हणून मला दीर नाही," लाल टोपीवाल्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "थट्टा करायला घरात कोणी नव्हतंच. हे बरे भाऊजी मिळाले."

३

मग रोज संध्याकाळचा तो एक परिपाठच होऊन बसला. आबा हातपाय धुऊन खुर्ची ओढून बसायचे. ती खुर्ची लाकडी होती, तिचा एक हात मोडलेला होता. माई जोडातून एक पान काढायच्या आणि दोघं मिळून भाऊजींना शोधायचे. आबांची नजर कामाने तयार झालेली, त्यांना ते लगेच दिसायचे, पण ते न दिसल्यासारखं करायचे. माई टोमणे मारायच्या, की असली नजर घेऊन कापायच्या यंत्रावर बसता, बोटं कशी शाबूत राहिली तेच नवल.

एका संध्याकाळी माईंनी आजारी भुताचं पान काढलं. ते पान त्यांचं लाडकं होतं. चित्रात एक भूत डोक्याला पट्टी बांधून अंथरुणात पडलेलं, शेजारी लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत पाय हलवत भाऊजी. म्हणजे असायचे ते. त्या संध्याकाळी खुर्ची रिकामी होती.

आबांना पहिल्यांदा काही वाटलं नाही. लाल रंग चढायच्या आधीच तो ताव बाजूला पडला असेल, म्हणून टोपी नाही, असं ते म्हणाले. माई म्हणाल्या, काल होते की. आबा म्हणाले, काल दुसरं पान असेल. माईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू तसंच राहिलं.

पान खिशात घालून आबा दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले. मशीनमनने चष्मा कपाळावर चढवून ते पाहिलं आणि तोही म्हणाला, लाल रंग चुकला असणार. मग दोघंही तिथेच उभे राहिले, कारण दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती आणि ती आधी कोणी बोलायची, असा प्रश्न होता.

गोष्ट साधी होती. छापखान्यात पांढरी शाई नव्हती. पांढरं छापत नव्हते, पांढरं सोडत होते. त्या सांगाड्याची हाडं म्हणजे कोरा ठेवलेला कागद. मग लाल रंग चुकला तर टोपी जाईल, काळा चुकला तर रेघा जातील, पण हाडांच्या जागी कोरा कागद दिसायलाच हवा. खुर्चीत एक पांढरं भोक दिसायला हवं. इथे भोक नव्हतं. खुर्चीची पाठ पूर्ण होती, तिच्या लाकडाच्या रेषा इकडून तिकडे न तुटता गेल्या होत्या. जणू तिथे कोणी कधी बसलंच नव्हतं. किंवा बसलेला उठून गेला होता.

"बाईंनी एखादं चित्र बदललं असेल," मशीनमन शेवटी म्हणाला आणि चष्मा खाली घेऊन यंत्राकडे वळला. त्या दिवशी तो आबांशी फारसा बोलला नाही.

४

त्यानंतर पान काढावं तर भाऊजी नाहीत. दोरीवरच्या भुतांत नाहीत, जिन्याखाली नाहीत, भांड्यात नाहीत. प्रत्येक ठिकाणी मागचं चित्र पुरं भरलेलं, कुठेही जागा सोडलेली नाही. आबांनी दिव्याखाली धरून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. म्हातारपणाची नजर, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण तीच नजर दिवसभर केसभर सरकलेला रंग पकडत होती, तिला खोटं कसं पाडायचं?

माईंना मात्र यात काही विपरीत वाटत नव्हतं. खेळ बदलला, एवढंच.

"पानात नाहीत, म्हणजे बाहेर कुठेतरी असतील," त्या म्हणाल्या आणि पडल्या पडल्या खोलीभर नजर फिरवू लागल्या.

पहिल्या दिवशी त्यांना ते खिडकीतून दिसले, समोरच्या इमारतीच्या पायरीवर. आबांनी वाकून पाहिलं, तिथे कोणाचा तरी लाल डबा होता. मग म्हणाल्या, आपल्या जिन्यात बसलेत, ऐकू येतंय. मग दाराशी, चपलांच्या मागे. आबा दर खेपेला उठून बघून यायचे आणि काही नाही म्हणून सांगायचे. माई म्हणायच्या, तुम्ही गेलात की ते लपतात, दीरच आहेत ना, थोरल्या भावाची भीड असायचीच. आणि हसायच्या. ते हसू इतकं मोकळं होतं, की आबांच्या मनात पाप यायचं, की हे असंच चालू द्यावं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले माई आनंदात दिसतात, चांगलं आहे. प्रकृती सुधारते आहे, असं मात्र म्हणाले नाहीत.

याच सुमाराला आबांना तो आवाज ऐकू आला. संध्याकाळी कामावरून आले की बाहेरच्या खोलीत ते क्षणभर टेकत. माई आत झोपलेल्या असत, शेजारचं शिलाईचं यंत्र थांबलेलं असे. आणि आतून आवाज यायचा. ठक ठक. थोडं थांबून पुन्हा ठक ठक. जन्मभर स्वतःच्या हाताने केलेला आवाज माणूस ओळखतो. पत्त्यांचा जोड टेबलावर उभा ठोकून कडा सारख्या करण्याचा तो आवाज होता. आत जाऊन पाहावं तर माईंचे दोन्ही हात शालीखाली, आणि जोड उशाशी ठेवलेला, सगळ्या कडा सारख्या, आबांनी स्वतः केला असता त्याहूनही सारख्या.

माईंना भाऊजी दिवसेंदिवस जवळ दिसू लागले. पाण्याच्या माठाआड. कपाटाच्या सावलीत. एका संध्याकाळी आबा खुर्ची ओढायला गेले तर माईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"आज तुम्ही पलंगावर बसा," त्या हळूच म्हणाल्या.

आबा पलंगाच्या कडेला बसले. खुर्चीकडे त्यांनी पाहिलं नाही. माई झोपल्यावर, ताट बाहेर नेताना, त्यांचा हात चुकून खुर्चीच्या बैठकीला लागला. खोलीत शेगडी होती, पलंग उबदार होता, भिंतसुद्धा कोमट होती. बैठक तेवढी गार होती, छापायच्या आधीचा कागद गार असतो तशी.

५

आबांनी ठरवलं, की ते पत्ते घरात ठेवायचे नाहीत. चूक आपली आहे, आपणच ती निस्तरायची. चुकलेलं पान पुरं केलं, त्याचे कोपरे गोल केले, म्हणून हे घडलं. रीत मोडली ती पुन्हा जोडायची. जोड उचलायचा, कापायच्या यंत्राखाली घालायचा, आडवा, एकाच घावात. बिनशिकलेल्या माणसाचा हिशेब होता, पण हिशेब होता.

सकाळी कामावर निघताना ते पत्ते घ्यायला आत आले. माई जाग्या होत्या. त्यांनी उशाशी हात ठेवला.

"राहू द्या ना ते," त्या म्हणाल्या.

आबांनी सांगितलं, की नवीन आणतो, चांगले छापलेले. माईंनी मान हलवली. मग आबांच्या तोंडून निघून गेलं, की हा जो कोण आहे तो बरा नाही, तुला कळत कसं नाही. माई बराच वेळ श्वास गोळा करत राहिल्या. त्या दिवसांत त्यांना एकेका वाक्यासाठी श्वास साठवावा लागे.

"मी काय कुकुलं बाळ आहे?" त्या म्हणाल्या. "कोण आहेत ते मला ठाऊक आहे. येणार तर आहेतच. पण टोपी घालून आलेत हो. टोपी घालून आलेल्याशी बोलता तरी येतं."

पाणी आणण्याच्या निमित्ताने आबा बाहेर आले, भांडं भरलं, आणि दारातून आत वळताना त्यांना दिसलं.

खिडकीतून सकाळचा उजेड खुर्चीवर पडला होता. खुर्चीच्या मागे भिंत होती, भिंतीवर ओलीचा जुना डाग, जो आबांनी रोज पाहिला होता. तो डाग मध्येच तुटला होता. खुर्चीच्या पाठीच्या लाकडी पट्ट्याही मध्येच तुटल्या होत्या. तेवढ्या जागेत काहीच नव्हतं. उजेड नव्हता, सावली नव्हती, धूळ नव्हती. कोरा कागद होता तिथे. सगळी खोली छापून झाली होती आणि तेवढीच जागा सोडलेली होती. एका मोठ्या माणसाएवढी. आणि तिच्या वरच्या टोकाला, माईंच्या बाजूला किंचित कललेलं, काहीतरी लाल.

भांडं हातातून पडलं. पाणी खुर्चीच्या पायापर्यंत गेलं. वर पाहिलं तर डाग होता, पट्ट्या होत्या, भिंत होती.

"सांडलंत ना," माई म्हणाल्या. त्या खुर्चीकडे बघून हसत होत्या. "घाबरवलंत त्यांना."

आबांनी पुढे होऊन उशाशी असलेला जोड उचलला. माईंचा हात त्यावर होता. तो त्यांना बाजूला करावा लागला. फार जोर लागला नाही.

६

रस्ता रोजचाच होता, पण त्या दिवशी तो संपता संपेना. आबांनी जोड सदऱ्याच्या आत धरला होता आणि तो त्यांच्या अंगाच्या उबेने गरम होत नव्हता. मनात एकसारखं येत होतं, की परत फिरावं, तिच्याजवळ बसावं. पण बसून काय होणार होतं, इतके दिवस बसूनच तर होते. आता हातात करण्यासारखं काहीतरी होतं.

छापखान्यात मशीनमन यंत्र पुसत होता. आबा कोणाशी न बोलता आपल्या जागेवर गेले, जोड पात्याखाली ठेवला, आणि सवयीने, कापायच्या आधी कामगार वरचं पान बघतो तसं, त्यांनी वरचं पान पाहिलं.

आजारी भुताचं पान होतं. खुर्चीत भाऊजी बसले होते. लाल टोपी, पांढरी हाडं, हलणारे पाय.

आबांनी दुसरं पान पाहिलं. भांड्यात भाऊजी. मग त्यांनी जोडाची कड अंगठ्याने फर्रकन सोडली, आणि पानामागून पान लाल ठिपका सरकत गेला. कुठेही चुकला नाही. सगळे जिथल्या तिथे परत आले होते.

आबा स्टुलावर बसले आणि चक्क हसू लागले. परत आला, म्हणजे खोलीतून निघाला. खुर्ची मोकळी झाली. नुसतं पात्याखाली ठेवल्याबरोबर पळून आला लेकाचा. त्यांनी मशीनमनला हाक मारून सांगितलं, की बघ, लाल आला, सगळ्यांवर आला. मशीनमनने लांबूनच मान डोलावली. मग आबा उठले, दोन्ही हातांनी पातं खाली ओढलं आणि जोड आडवा कापून टाकला. पातं इतकं सहज गेलं, की मध्ये कागद होता की नव्हता असं वाटावं. दोन्ही अर्धे त्यांनी रद्दीच्या पोत्यात टाकले, तेवढ्यात रद्दीवाला आला आणि पोतं घेऊन गेला.

आबा मालकांना सांगून लगेच घरी निघाले. कितीतरी दिवसांनी पाऊल हलकं पडत होतं. माईंना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. रागावेल दोन दिवस, मग तिला खरा चांगला जोड आणून देऊ, मालकांच्या पाया पडू हवं तर. तिची समजूत कशी काढायची हे त्यांना जन्मभराच्या सवयीने माहीत होतं.

जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं, की शेजारचं शिलाईचं यंत्र बंद आहे.

दुपारपर्यंत ते कधीच बंद नसे. वर आले तर त्यांच्या घराचं दार उघडं होतं आणि शिवणवाली उंबऱ्यात उभी होती, गळ्यात मोजपट्टी तशीच, तोंडावर हात. छोटीला तिने आपल्या घरात कोंडून ठेवलं होतं, ती आतून दार वाजवत होती. शिवणवालीने सांगितलं, की आबा बाहेर पडले आणि थोड्याच वेळात झालं. माई कोणाला तरी हाक मारत होत्या. हसत नव्हत्या. ती धावत आली तेव्हा त्या उशाखाली, शालीखाली काहीतरी शोधत होत्या, आणि खुर्चीकडे बघून म्हणत होत्या, की टोपी कुठे गेली.

७

माणसं आली, गेली. आबा कामावर जायला लागले, कारण घरात बसून काय करायचं. मालक म्हणाले होते सावकाश या, पण यंत्रासमोर उभं राहिलं की निदान हात तरी चालत.

एक गोष्ट मात्र त्यांना सोडत नव्हती. त्या दिवशी जोडाची कड अंगठ्याने सोडली तेव्हा त्यांनी फक्त लाल ठिपका पाहिला होता. लाल आहे की नाही, एवढंच. भाऊजींच्या शेजारी आणखी कोणी होतं का, ते पाहिलं नव्हतं. एखाद्या पानात, खुर्चीमागे, जिन्याखाली, शाल पांघरलेलं नखाएवढं कोणी. नसेलही. पण असलं तर? तर पातं कोणावरून गेलं? ते रद्दीच्या गोदामापर्यंत जाऊन आले. तिथल्या माणसाने समजावून सांगितलं, की आबा, तो माल त्याच दिवशी लगद्याला गेला, आता त्याचा कागद होऊन कुठल्या गावी गेला असेल कोणास ठाऊक. कोरा कागद. आबांनी त्याचे आभार मानले आणि परत आले.

धीर द्यायला त्यांच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. जे घडलं ते चुकलेल्या पानांमुळे घडलं, आणि ती पानं आता नव्हती. चूक त्यांची होती, त्यांच्या घरावरून ती गेली, आणि संपली. बाकी छापलेले सगळे जोड चांगले होते, तपासून, रीतसर. ते कुठे कुठे गेले असतील, कोणाकोणाच्या उशाशी असतील, लोक हसत असतील. त्यांच्याकडे खेळ खेळासारखाच राहील. संध्याकाळी मोडक्या हाताच्या खुर्चीसमोर, पलंगाच्या कडेला बसून आबा हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत. खुर्चीत ते बसत नसत.

अशाच एका संध्याकाळी भिंतीपलीकडचं शिलाईचं यंत्र थांबलं. आबांना वाटलं, बाई दमली असेल. छोटीचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं, कालपासून तिला ताप होता म्हणे. मग भिंतीतून आवाज आला. ठक ठक. थोडं थांबून, ठक ठक. आबा उठून उभे राहिले. हात भिंतीवर टेकला तर भिंत गार होती.

दारावर टकटक झाली. शिवणवाली होती. हातात वाटी, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण आणि थोडं हसू, तापात पोर काय काय बोलते याचं असतं तसलं. वाटी पुढे करत ती म्हणाली,

"आबा, तुमच्या छपाईत काही चुकलंय का हो? छोटी सकाळपासून त्याला शोधतेय, पण एकाही पानात तो नाही. नुसती टोपी पडलीय."